साडेचारातली अर्धी

शाळेत मुलींचा बास्केटबॉलचा संघ पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा त्याचं काम ज्यांच्या गळ्यात पडलं ते मुळात भूगोलाचे मास्तर. शिट्टी त्यांच्या हातात होती, पण ती कधी वाजवायची याबद्दल त्यांची तितकीशी खात्री नव्हती. संघाला पाच जणी लागतात, एवढं मात्र ते वाचून आले होते. ओळीत उभ्या असलेल्या मुलींवरून त्यांनी बोट फिरवलं. "एक, दोन, तीन, चार..." बोट पुढे सरकलं आणि हवेतच अडलं, कारण त्या उंचीवर कुणी नव्हतंच. मास्तरांनी चष्मा नाकावर ओढून खाली पाहिलं. एक बारा वर्षांची पोर मान वर करून त्यांच्याकडे टकमक बघत होती.

"आणि हे अर्धं," मास्तर म्हणाले. "चला, साडेचार झाले."

मुली खो खो हसल्या. ती पोरही हसली. आपण मोजणीत आलो, याचाच तिला आनंद झाला होता. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं अर्धी. शाळेत, गल्लीत, पुढे कामावर, सगळीकडे अर्धीच. आई तेवढी तिला खऱ्या नावाने हाक मारायची, आणि घाईत असली की तीही विसरायची.

पुढच्या वर्षी संघात उंच मुली आल्या आणि अर्धीची रवानगी बाकावर झाली. ते बाक प्रयोगशाळेतून मोडकं म्हणून काढलेलं, एका पायाखाली वीट लावलेलं. त्यावर तिने तीन वर्षं काढली. ती पाण्याच्या बाटल्या सांभाळायची, चेंडू कुंपणापलीकडे गेला की धावत जाऊन आणायची. संघ वीसेक गुणांनी पुढे असला किंवा वीसेक गुणांनी मागे असला, तरच शेवटची दोन मिनिटं तिला आत सोडायचे. म्हणजे तिच्या हातून काही बिघडण्यासारखं उरलेलं नसायचं तेव्हाच.

एक दिवस तिने मास्तरांना व्हरांड्यात गाठलं.

"सर, मी कधी खेळणार?"

"जरा उंच हो, मग बघू."

"आमच्या घरात कुणीच उंच नाहीये, सर. बाबा दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने माझी खूण करतात. दीड वर्ष झालं, खूण तिथेच आहे." मग तिने जरा दम घेतला. "उंची सोडून आणखी काय लागतं, ते सांगा ना."

मास्तर प्रामाणिक माणूस. माहीत नसताना काहीतरी ठोकून द्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी नकाशाची गुंडाळी काखेत मारून वर्गावर निघाले असताना ते तिच्यापाशी थांबले.

"हे बघ अर्धे, चेंडू वर रिंगजवळ असतो तेव्हा तो उंच मुलींचा. पण निम्मा वेळ तर तो जमिनीलगतच असतो. आणि तिथवर पोचायला तुला सगळ्यांत कमी वाकावं लागतं."

तिला एवढं पुरलं. तिने घरी चेंडू आपटायला सुरुवात केली. उजव्या हाताने शंभर टप्पे, डाव्या हाताने दोनशे, कारण डावा हात मुलखाचा आळशी. घर दुसऱ्या मजल्यावर. खालच्या घरात एक आजोबा राहायचे. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर त्यांचा जन्म गेलेला, आणि निवृत्त झाल्यावर आपल्याला शांतता मिळणार असं ते तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेले. पहिल्या दिवशी त्यांनी केरसुणीच्या दांड्याने छत ठोकलं. दुसऱ्या दिवशी जिना चढून वर आले. शेवटी तह झाला: आजोबा फिरायला जातात त्या वेळात, चार ते पाच, अर्धीने काय तो धुडगूस घालावा. दोघांनीही तो तह काटेकोर पाळला. पुढे एकदा ती तापाने चार दिवस अंथरुणाला खिळली, तर पाचव्या दिवशी आजोबा दारात उभे. "काय झालं? परत येतो तेव्हा जिन्यात तुझे शेवटचे टप्पे ऐकू यायचे, ते चार दिवस नाहीत. माझा वेळेचा अंदाजच चुकायला लागलाय."

शाळेच्या शेवटच्या वर्षी अर्धी पहिल्या पाचांत आली. तोवर तिच्या हातातून चेंडू काढून घेणं म्हणजे भल्याभल्यांच्या नाकी नऊ. उंच मुलींच्या कोपराखालून ती अशी निसटायची, की तिला शोधायला त्यांना खाली बघावं लागायचं, आणि तेवढ्यात ती पुढे गेलेली असायची.

आणि मग तो सामना आला. उपांत्य फेरी. चार सेकंद उरलेले आणि संघ एका गुणाने मागे. समोरच्या मुलीने अर्धीला धक्का दिला, पंचांनी शिट्टी मारली, आणि तिला दोन फ्री थ्रो मिळाले. म्हणजे रेषेवर एकटीने उभं राहायचं, कुणी आडवं येणार नाही, दोनदा चेंडू टाकायचा, दर चेंडूला एक गुण. एक गेला तर बरोबरी, दोन गेले तर जिंकलो. पहिला चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आला. दुसराही तिथेच आपटला.

बसमध्ये कुणी तिच्याशी बोललं नाही. कुणी रागावलंही नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. उतरताना मास्तर तिच्या मागोमाग खाली आले.

"दोन्ही चेंडू एकाच जागी आपटले, बघितलंस?"

तिने पिशवी खांद्यावर चढवली.

"घाबरलेल्या माणसाचे चेंडू दोन दिशांना जातात. तुझे दोन्ही सरळ गेले, फक्त चार बोटं कमी पडले. म्हणजे तुझे पाय दमले होते. दमलेल्या पायांनी टाकायची सवय आपण केलीच नव्हती. ही चूक माझी, मला ते आधी सुचायला हवं होतं." मास्तरांनी चष्मा पुसला. "उद्या ये. उद्या नाही जमलं तर परवा ये."

ती परवाही गेली नाही. नऊ दिवस ती चेंडूकडे पाठ करून झोपली. दहाव्या दिवशी गेली, तेव्हा मास्तरांनी 'इतके दिवस कुठे होतीस' असं विचारलं नाही. मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या, आणि धाप लागलेली असतानाच चेंडू हातात दिला. शाळा संपेपर्यंत ती रोज तेच करत राहिली. सामना तर आता एकही उरलेला नव्हता. कशासाठी करतेस, असं आईने विचारलं, तेव्हा तिला धड सांगता आलं नाही. पण पुढे ती सांगायची, की चाळिसाव्या थ्रोच्या सुमाराला डोकं गप्प होतं आणि नुसता हात उरतो, ते तिला फार आवडायचं.

एकोणिसाव्या वर्षी ती मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला लागली. लाँड्री तळमजल्यावर होती, मधोमध भिंत. अलीकडे मळकी बाजू, पलीकडे स्वच्छ. दिवसाला दीड हजार चादरी त्या भिंतीतल्या यंत्रांमधून इकडून तिकडे जायच्या. अर्धी स्वच्छ बाजूला. वाफेच्या रोलरमधून गरमागरम चादर बाहेर आली की दोघींनी चार टोकं धरायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे जायचं. चादर जमिनीला लागली तर परत मळक्या बाजूला. बाकीच्या बायका आरामात उभ्या राहायच्या, अर्धीला मात्र दर चादरीला चवड्यांवर उभं राहावं लागायचं. तिच्या जोडीदारणीला वाईट वाटायचं. अर्धी म्हणायची, "वाईट वाटून घेऊ नका. तुमची नुसती घडी होते, माझा व्यायामपण होतो."

हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांचा एक संघ होता. त्यात ती अकरा वर्षं खेळली. फार मोठं काही जिंकलं नाही. त्या काळात एकदा चेंडू पंक्चर झाला. ती तो घेऊन सायकलदुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदार तिच्याच वयाचा, हाताला कायम ग्रीस, आणि फार कमी बोलणारा. त्याने चेंडू कानाशी धरून ऐकला, पाण्यात बुडवून बघितला, आणि म्हणाला, "असं कधी केलं नाही. ठेवून जा." तीन दिवसांनी चेंडू ठणठणीत झाला होता. "नीट टप्पा घेतो का बघा," तो म्हणाला. तिने दुकानातच, टायरांच्या मधून वाट काढत, डाव्या हाताने चेंडू दारापर्यंत नेला आणि परत आणला. सायकलवाल्याने तोंड उघडलं ते मिटायला विसरला. वर्षभरात त्यांचं लग्न झालं. त्या दरम्यान अर्धीचा चेंडू आणखी चार वेळा पंक्चर झाला होता, आणि त्यातले दोन पंक्चर तिने स्वतः केले होते, असं ती नंतर कबूल करायची.

गुडघा गेला तो खेळताना गेला नाही. लाँड्रीच्या ओल्या फरशीवर चादरींची गाडी ढकलताना पाय सटकला, गुडघा आतून फिरला. डॉक्टरांनी चित्र दाखवून समजावलं. चालणं होईल, काम होईल, पण धावणं संपलं. तेव्हा ती तिशीची होती. घरी येऊन तिने चेंडू कपाटाच्या वर टाकला आणि दोन वर्षं त्याचं नाव काढलं नाही. टीव्हीवर सामना लागला की ती उठून आत जायची. पण त्या दोन वर्षांत दर महिन्याला नवरा चेंडू खाली काढायचा, पंपाने हवा भरायचा, फडक्याने पुसायचा आणि परत वर ठेवायचा. एकदा तिने त्याला ते करताना पकडलं.

"अहो, कशाला? आता कोण खेळणार आहे?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "हवा गेली की कातडं तडकतं. सामानाचे हाल का करायचे?"

लाँड्रीच्या मागे सिमेंटचं एक अंगण होतं. पूर्वी तिथे तारांवर कपडे वाळायचे. वाळवायची यंत्रं आल्यावर तारा गेल्या, लोखंडी खांब तेवढे उभे राहिले. शाळा सुटली की कामगारांच्या मुली आयांची कामाची पाळी संपेपर्यंत त्या अंगणात बसायच्या, म्हणजे भांडायच्या. कोण कुणाच्या पायरीवर बसलं यावरून रोज रणकंदन. एका दुपारी वाफेच्या यंत्रापेक्षा बाहेरचा गलका मोठा झाला, तेव्हा सुपरवायझरबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "या कार्ट्यांचं कुणीतरी काहीतरी करा हो."

दुसऱ्या दिवशी अर्धी चेंडू घेऊन आली. एवढंच. संघ काढायचा वगैरे तिच्या मनात नव्हतं. पण आठवडाभरात भांडणं बंद झाली, महिन्याभरात मुलींना टप्पे जमू लागले, आणि मग त्यांनी वर बघून विचारलं, "ताई, टाकायचं कशात?" अर्धीने हॉस्पिटलच्या वेल्डरला पकडलं. त्याने एका खांबावर बरोब्बर दहा फुटांवर रिंग जोडून दिली. बोर्ड म्हणून जुन्या औषधकपाटाचं दार लावलं. जोरात चेंडू लागला की त्याची कडी खणकन वाजायची.

पुढच्या वर्षी त्यांनी शहरातल्या मुलींच्या स्पर्धेत नाव घातलं. यजमानांकडे गुणफलक नव्हता, म्हणून अर्धीच्या नवऱ्याने तो करून दिला. लाकडी फळी, वर खिळे, आणि पत्र्याच्या तुकड्यांवर रंगवलेले आकडे. समोरच्या संघासाठी त्याने शंभरपर्यंत पत्रे रंगवले. आपल्या बाजूचे मात्र विसापर्यंत.

"अहो, विसाच्या पुढे?"

"लागले तर रंगवू की," तो अगदी निरागसपणे म्हणाला. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याने सराव बघितला होता.

पहिला सामना त्या अठ्ठावन्न विरुद्ध चार असा हरल्या. परत येताना बसमध्ये आठही जणी मुसमुसत होत्या. एकीने बूट काढून बाकाखाली भिरकावला आणि मी मेले तरी पुन्हा येणार नाही म्हणाली. अर्धी पुढच्या बाकावर गुडघा चोळत बसली होती. तिने मान वळवली.

"आज चार झाले. पुढच्या वेळी सहा करू."

"आणि त्यांचे किती होतील, ताई?" बूटवालीने विचारलं.

"त्यांचे त्यांना मोजू दे. आपल्याकडे वीसच पत्रे आहेत."

मुली रडता रडता हसल्या. उतरताना ती प्रत्येकीला म्हणाली, "उद्या या. उद्या नाही जमलं तर परवा." सहा जणी दुसऱ्या दिवशी आल्या, एक तिसऱ्या दिवशी, आणि बूटवाली आली आठवड्याने, एकच बूट घालून. दुसरा बसमध्येच राहिला होता.

पुढच्या सामन्यात सहा नाही, सात झाले. त्या वर्षी त्या सगळे सामने हरल्या. दुसऱ्या वर्षीही. अर्धी वहीत दर सामन्यानंतर एकच ओळ लिहायची: आज काय नवीन जमलं. कधी संघातल्या सगळ्यांत लहान पोरीबद्दल, 'धाकटीने डावा हात वापरला', कधी 'कुणी कुणावर ओरडलं नाही'. एका पावसाळी सामन्यानंतर नुसतं 'सगळ्या आल्या' एवढंच लिहिलेलं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शिडी आली. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या आचारीणबाईंची मुलगी, पंधरा वर्षांची, ताडमाड उंच. बापापेक्षा वीतभर जास्त. पण चालायची अशी, की जणू सगळीकडे दारं ठेंगणी आहेत. खांदे पुढे, मान खाली. मुलींनी बघताक्षणी तिचं नाव शिडी ठेवलं. अर्धीने तिला पाहिलं आणि हातातला चेंडू खाली ठेवला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तरसलो, ते असं दारात चालत यावं! तिने शिडीचा हात वर करून बघितला. रिंग हातभरच लांब राहिली होती.

त्या दिवसापासून अर्धीला दुसरं काही दिसेना. शिडी, इथे उभी राहा. शिडी, वर बघ. शिडी, उडी मार. शिडी सांगितलेलं सगळं करायची, मुकाट्याने, मान खाली घालून. आणि एका सामन्यात, दोनच गुणांनी मागे असताना, चेंडू रिंगखाली तिच्या हातात आला. समोर कुणी नव्हतं. नुसतं वर करून सोडायचा होता. शिडी चेंडू पोटाशी धरून पुतळ्यासारखी उभी राहिली. तीन सेकंद गेले, चार गेले. रिंगखाली इतकं थांबायची मुभा नसते, शिट्टी वाजली, चेंडू दुसऱ्यांकडे गेला, सामनाही गेला.

अर्धीचा तोल सुटला. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "उद्यापासून रोज शंभर टाकायचे! अगं, तुझी उंची मला मिळाली असती ना, तर मी..."

वाक्य तिने पुरं केलं नाही, पण करायचं काही राहिलंही नव्हतं. शिडी दुसऱ्या दिवशी आली नाही. परवाही नाही. दोन आठवडे झाले. अर्धी घरी चिडचिड करायची. आजकालच्या मुलींना कष्ट नकोत, जरा बोललं की फुगतात, आम्ही तीन वर्षं बाकावर काढली होती. नवरा एका चाकाची तार ताणत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"एक विचारू? तू तिला खेळायला बोलावतेस, की तिच्यातून तूच खेळायला बघतेस?"

अर्धी ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा बराच आवाज आला. मग तो थांबला. थोड्या वेळाने ती बाहेर आली, पायात चपला होत्या.

आचारीणबाई चौथ्या मजल्यावर राहायच्या. लिफ्ट नव्हती. प्रत्येक वळणावर अर्धी कठड्याला धरून थांबली, गुडघ्यातली कळ मुरली की पुढची पायरी. दार आचारीणबाईंनी उघडलं. त्यांनी काही विचारलं नाही, आतल्या खोलीकडे बोट दाखवलं आणि पाणी आणायला गेल्या.

शिडी जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, पाय दुमडून, जेवढी लहान होता येईल तेवढी लहान होऊन. अर्धी तिच्याशेजारी बसली. बसताना गुडघ्यातून कटकन आवाज आला. दोघींनी तो ऐकला.

"चुकलं माझं," अर्धी म्हणाली. "तसं बोलायला नको होतं."

शिडीने पाय आणखी जवळ ओढले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, सगळे माझ्या उंचीशीच बोलतात. वर्गात, जिन्यात, तुम्हीसुद्धा. माझ्याशी कुणी बोलतच नाही."

आयुष्यभर लोकांनी अर्धीकडे बघून आधी उंचीच मोजली होती. शिडीच्या बाबतीत तिनेही तेच केलं होतं, फक्त दुसऱ्या टोकाने.

"मग आता तुझ्याशी बोलते. खरं सांग, तुला खेळ आवडतो का? नाही आवडत म्हणालीस तरी चालेल. मी जिना उतरून जाईन, आणि आईच्या हातचं पाणी प्यायला पुन्हा येईन."

"आवडतो."

"त्यातलं काय आवडतं?"

शिडीने गुडघ्यावरची हनुवटी उचलली. "पास द्यायला. मला वरून सगळं दिसतं. कोण मोकळी आहे, कोण पळायच्या बेतात आहे. पण मी पास दिला की तुम्ही ओरडता, टाक म्हणून."

"त्या दिवशी चेंडू धरून उभी राहिलीस, तेव्हा?"

"धाकटी मागून येत होती. ती पोचायची वाट बघत होते."

अर्धी भिंतीला डोकं टेकून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई. आणि मी मनातल्या मनात तुला पुतळा म्हणत होते."

तिथून संघाचा खेळच बदलला. चेंडू आधी वर, शिडीच्या हातात. तिथवर कुणाचा हात पोचत नाही. मग बाकीच्या सगळ्या चारही बाजूंनी रिंगकडे धावणार, आणि शिडी वरून बघून जी मोकळी असेल तिच्या हातात अलगद सोडणार. हे बसायला सहा महिने लागले. पहिले दोन महिने चेंडू कुणाच्या नाकावर, कुणाच्या पाठीवर. औषधकपाटाच्या दाराची कडी दिवसभर खणखणत असायची. सुपरवायझरबाईंनी कानात कापूस घातला, पण तक्रार केली नाही, कारण आता त्यांचीही भाची खेळत होती.

आणि मग ती दुपार आली. समोरचा संघ तोच, अठ्ठावन्नवाला. गुणफलकापाशी अर्धीचा नवरा पत्रे बदलत होता. सोळा, अठरा, वीस. शिडीने चेंडू धरला, धाकटीला दिला, धाकटीने टाकला, गेला. नवऱ्याने डब्यात हात घातला. डबा रिकामा. त्याने डबा उलटा करून आपटला, फळीमागे बघितलं, खिसे चाचपले.

"अहो, लावा ना!" अर्धी रेषेवरून ओरडली.

"अगं, पत्रे संपले!"

प्रेक्षकांत हशा पिकला. शेवटी कुणाच्या तरी खिशात खडू निघाला. त्याने विसाचा पत्रा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बावीस लिहिलं. मग पुसून चोवीस. शेवटच्या मिनिटाला सव्वीस-सव्वीस होते. शिडीने उंच उडालेला चेंडू पकडला, समोरच्या मुलीने तिला धक्का दिला, पंचांनी फाउल दिला, आणि शिडी फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन उभी राहिली.

अर्धीने एक शब्द काढला नाही. ओठ घट्ट मिटून, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गच्च धरून ती उभी राहिली. पहिला चेंडू हुकला. शिडीने बाजूला पाहिलं. अर्धीने नुसती मान हलवली, ती कशासाठी हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. दुसरा चेंडू रिंगवर दोनदा नाचला आणि आत पडला. सत्तावीस-सव्वीस. सहा सेकंद उरले होते, आणि त्या सहा सेकंदांत अर्धीच्या पोरींनी समोरच्या मुलींना चेंडू मध्यरेषेपलीकडे नेऊच दिला नाही.

शिट्टी झाली तेव्हा अर्धी धावायला निघाली, गुडघ्याने आठवण करून दिली, आणि ती होती तिथेच मटकन खाली बसली. मुली तिच्याभोवती येऊन पडल्या. नवरा खडूने माखलेले हात घेऊन आला आणि कानाशी वाकून म्हणाला, "जिंकलो ना आपण? की अजून आहे?"

स्पर्धेत त्या सहाव्या आल्या. पुढच्या वर्षी सातव्या. त्यानंतर कधी वर, कधी खाली. अर्धीने एकूण एकोणतीस वर्षं शिकवलं. जिंकलेले सामने एकसष्ट आणि हरलेले दीडशेच्या घरात. हा हिशेब ती कुणी विचारलं तर सांगायची, न लाजता, आणि हरलेले आधी सांगायची. तिच्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी मोठी खेळाडू कुणी झाली नाही. बूटवाली परीक्षेत तीनदा नापास होऊन चौथ्यांदा पास झाली आणि आता नर्स आहे. धाकटीला पोहण्याची भीती होती, ती चाळिशीत पोहायला शिकली, आणि पहिल्या दिवशी तलावाच्या काठावरून अर्धीला फोन केला. शिडी शहराच्या बसवर ड्रायव्हर झाली. सीट सगळ्यांत मागे सरकवली तरी गुडघे स्टिअरिंगला लागतात, पण बसताना ती ताठ बसते.

साठी उलटल्यावर अर्धीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. संघ शिडीने घेतला. अर्धी खुर्ची टाकून कडेला बसायची आणि दर दोन मिनिटांनी काहीतरी सुचवायची. शेवटी शिडी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "ताई, सराव कोण घेतंय?"

"तू घेतेस."

"मग?"

"बरं बाई. गप्प बसते." आणि तीन मिनिटं ती खरोखरच गप्प बसली.

शिडीच्या हाताखाली दुसऱ्याच वर्षी संघ उपांत्य फेरीत पोचला. अर्धीच्या एकोणतीस वर्षांत हे एकदाही झालं नव्हतं. तिथवर नेणारा सामना जिंकल्यावर लोकांनी तिचे हात हातात घेतले, तुमचीच पुण्याई म्हणाले, ती हसली. घरी आल्यावर मात्र चपला काढता काढता नवऱ्याला म्हणाली, "एक सांगू? जरासं टोचलं हो मला. माझ्या वेळी का नाही पोचलो, असं वाटलं."

"मग?"

"मग काय. ती पोर माझ्यापेक्षा चांगलं शिकवते. ओरडत नाही. आधी विचारते." ती पलंगाच्या कडेवर बसली आणि एकेक गुडघा हळूहळू सरळ केला. "टोचलं ते घटकाभरच. नंतर इतका आनंद झाला, की टाळ्या वाजवताना हात दुखायला लागले."

उपांत्य सामना त्या हरल्या, नऊ गुणांनी. दुसऱ्या दिवशी शिडीने सगळ्यांना सुट्टी दिली होती. तरी दुपारी अर्धी काठी घेऊन निघाली. नवऱ्याने विचारलं, आज तर सराव नाही, कुठे चाललीस?

"शिडीकडे. त्या नवीन डावखुऱ्या पोरीचा उडी मारताना पाय उलटा पडतोय. काल बघितलं मी. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, आणि आत्ताच सुधारलं नाही तर तिचाही गुडघा जाईल."